पटावरचे प्रश्न : भुसावळच्या मुलीचा चौदा खेळींचा डाव

या वेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं ओपनिंगबद्दलच, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या खेळ्यांबद्दलच आहेत. सुट्टीतल्या स्पर्धा नुकत्याच उरकल्या, जळगाव-धुळे-भुसावळला हॉलमध्ये कूलरची घरघर ऐकत पोरं दोन-दोन दिवस खेळली आणि हरलेले डाव घेऊन घरी आली, त्यामुळे असेल. भुसावळच्या पत्राला मी मुद्दाम जास्त जागा देतोय, कारण त्या ताईंनी नुसता प्रश्न नाही विचारला तर डाव लिहिलेला अख्खा कागद पाठवलाय, आणि असा कागद समोर असला की बोलायला काहीतरी ठोस मिळतं. बाकीच्यांनी राग मानू नये.

भुसावळहून एक आई लिहितात : माझी मुलगी अकरा वर्षांची, सहावीत आहे. मिस्टर रेल्वेत, ड्युटी कधीही लागते म्हणून स्पर्धांना मीच घेऊन जाते, पण मला स्वतःला बुद्धिबळ येत नाही. परवाच्या स्पर्धेत तिचे तीन राउंडमध्ये अडीच पॉइंट झाले होते, चौथ्या राउंडला दुसऱ्या टेबलावर बसली आणि चौदा खेळीत मात झाली, पंधरा मिनिटं पण लागली नाहीत. बाहेर येऊन काही बोललीच नाही, पाण्याची बाटली हातात धरून बसून राहिली. समोरच्या मुलाचे वडील म्हणाले की हा फ्राइड लिव्हर होता, हा तर सगळ्यांना माहीत असतो, तुमच्या सरांनी शिकवला नाही का. आता सर म्हणतात ओपनिंग बदलू, कॅरो-कान सुरू करू. मुलगी म्हणते ई४ ला ई५ मी आयुष्यात परत खेळणार नाही. तिने लिहिलेला कागद सोबत पाठवते. काय करू?

ताई, आधी तुमच्या मुलीच्या कागदाबद्दल बोलतो. पहिल्या नऊ खेळ्या इतक्या नीट लिहिल्यात, अक्षर रेघेवर, एक खाडाखोड नाही. दहाव्या खेळीला पांढऱ्याच्या रकान्यात वजीर ई४ आणि पुढे शहाचं अधिक चिन्ह आहे, ते इतकं दाबून काढलंय की फोटोतसुद्धा कागदावर वळ उठलेला दिसतो. तिथून पुढे अक्षर तिरकं झालंय, बाराव्या खेळीला आधी काहीतरी लिहून खोडलंय. म्हणजे डाव हातातून कुठे गेला हे पोरीला टेबलावर बसल्या बसल्या कळलं होतं, आणि कळूनही ती मात होईपर्यंत लिहीत राहिली. हा कागद टाकू नका, फाइलला लावून ठेवा.

आता डाव बघू. पट मांडा, तिला शेजारी बसवा आणि मोहरे तुम्हीच हलवा, खेळता येत नसलं तरी चालेल, घरांची नावं पटाच्या कडेला छापलेली असतात. तुमची मुलगी काळ्याने खेळत होती.

पांढऱ्याने ई४, तिने ई५, नुसतं घराचं नाव आलं की प्याद्याची खेळी समजा. मग पांढरा घोडा एफ३, तिचा घोडा सी६, पांढरा उंट सी४. इथपर्यंत याला इटालियन म्हणतात, खेळाच्या सगळ्यात जुन्या ओपनिंगपैकी एक. तिने तिसऱ्या खेळीला दुसरा घोडा एफ६ वर काढला, याला टू नाइट्स डिफेन्स म्हणतात. खेळी अजिबात वाईट नाही, मोठमोठे ग्रँडमास्टर खेळतात. पण या खेळीने एक गोष्ट घडली जी तिला कोणी बोट ठेवून दाखवली नसावी. घोडा एफ६ वर जायच्या आधी काळ्या वजिराला डी८ वरून ई७, एफ६, जी५ असा तिरका रस्ता मोकळा होता, पांढरा घोडा जी५ वर आला असता तर वजिराने फुकटात उचलला असता. घोडा एफ६ वर बसला आणि तो रस्ता आपल्याच घोड्याने अडवला. म्हणून तर चौथ्या खेळीला पांढरा घोडा बिनधास्त जी५ वर येऊन बसला आणि एफ७ च्या प्याद्यावर उंट आणि घोडा दोघांचा डोळा लागला. सुरुवातीला ते प्यादं एकट्या राजाच्या भरवशावर उभं असतं, काळ्याच्या बाजूचं सगळ्यात कच्चं घर तेच.

तिने डी५ खेळून उंटाच्या रस्त्यात प्यादं आडवं घातलं, बरोबर केलं. पांढऱ्याने ई४ च्या प्याद्याने ते मारलं. आणि इथे पाचव्या खेळीला तिने एफ६ च्या घोड्याने डी५ वर परत मारलं. मारलेलं परत मारायचं हे आपण पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवतो, त्यात घोडा बाजूला झाल्याने वजिराचा जी५ चा रस्ता परत मोकळा झाला, तिला वाटलं असणार की आता पांढरा घोडा जीव घेऊन पळेल. तो पळाला नाही. तो एफ७ वर प्यादं मारून आत घुसला, हाच तो फ्राइड लिव्हर, तिथून वजीर आणि हत्ती दोघांवर एकदम, म्हणजे राजाने त्याला मारल्याशिवाय गत्यंतर नाही. राजाने मारला. लगेच पांढरा वजीर एफ३ वर येऊन शह, आणि तोच वजीर डी५ च्या घोड्यावरही. घोडा वाचवायचा तर राजाला ई६ वर यावं लागतं, पटाच्या मधोमध, आजूबाजूला आडोसा नाही. आपल्याकडे मे महिन्यात भर दुपारी डोक्याला रुमाल न बांधता रस्त्याच्या मधे उभं राहावं तसं. राजा ई६ वर गेला.

आठव्या खेळीला पांढऱ्याने दुसरा घोडा सी३ वर आणला, म्हणजे डी५ च्या घोड्यावर आता उंट, वजीर, घोडा असे तिघं. हा घोडा तिथून हलूही शकत नाही कारण तो हलला की सी४ च्या उंटाचा थेट राजाला शह. तुमच्या मुलीने सी६ चा घोडा ई७ वर आणून त्याला आधार दिला. खरं सांगतो, पहिल्यांदाच ही पोझिशन बघणाऱ्या पोराला हे सुचत नाही, बहुतेक जण इथेच गडबडतात.

मग पांढऱ्याने डी४ आणि तिने ई५ च्या प्याद्याने ते मारलं. डाव इथे गेला. तिच्या बाजूने बघा म्हणजे कळेल का मारलं : एक प्यादं मिळालं आणि वर तेच प्यादं आता सी३ च्या घोड्यावर आलं. एका दगडात दोन पक्षी. पण ई५ चं ते प्यादं म्हणजे राजाच्या खोलीचं दार होतं, ते निघालं आणि दहाव्या खेळीला पांढरा वजीर ई४ वर येऊन शह, मधे कोणीच नाही. राजा डी६, घोड्याने डी५ चा घोडा मारला, तिने ई७ च्या घोड्याने परत मारलं, वजिराने तोही मारून शह. इथून राजाला ई७ हे एकच घर, उंट जी५ शह, राजाला ई८ हे एकच घर, आणि वजीर एफ७ मात. नवव्या खेळीला मारायच्या ऐवजी सी७ चं प्यादं सी६ ला ढकलून डी५ च्या घोड्याला आधार दिला असता तर पांढरा बराच जोरात असला तरी डाव चालू राहिला असता, त्यालाही पुढचं पाठ नसतं कदाचित.

म्हणजे दोन जागा झाल्या, तिसरी खेळी आणि नववी खेळी. दोन्ही ठिकाणी आपला मोहरा कुठे पोचतोय हे तिने छान बघितलं, पण तो जिथून निघाला तिथे आणि वाटेत काय उघडलं, काय बंद झालं हे बघायचं राहून गेलं. हे एवढंच शिकायचंय तिला. आणि ते ओपनिंग बदलून शिकता येत नाही, कॅरो-कानमध्ये पण मोहरे जागा सोडूनच जातात. ते ओपनिंग चांगलं आहे, होरेशियो कॅरो आणि मार्कस कान या दोघांच्या नावावरून पडलेलं, १८८६ पासूनचं, मजबूत. तिला पुढे दोन वर्षांनी आवडलं तर जरूर खेळू दे. पण हरल्याच्या दुसऱ्या दिवशी ओपनिंग बदललं की पोराच्या मनात बसतं की चूक ओपनिंगची होती, मग पुढचं हरलं की तेही बदला, असं करत पोरं चौदा-पंधरा वर्षांची होईस्तोवर सहा ओपनिंगची नावं सांगतात आणि एकाचीही दहावी खेळी का खेळायची ते सांगता येत नाही. मी हे खूप बघितलंय. सरांना माझा नमस्कार सांगा आणि हे वाचायला द्या, त्यांनी पोरीच्या भल्यासाठीच सुचवलंय यात शंका नाही.

ई५ ठेवून तिच्याकडे दोन सोपे रस्ते आहेत. पहिला, तिसऱ्या खेळीला घोडा न काढता उंट सी५ वर काढायचा. वजिराचा रस्ता मोकळा राहतो आणि पांढरा घोडा जी५ वर आलाच तर वजिराने मारायचा, विषय संपला. दुसरा रस्ता, घोडा एफ६ च खेळायचं पण पाचव्या खेळीला डी५ वर परत न मारता सी६ चा घोडा ए५ वर नेऊन उंटावर घालायचा. पांढरा उंट बी५ शह देईल, सी६ प्यादं मधे टाकायचं, पांढरा ते मारेल, बी७ च्या प्याद्याने परत मारायचं. आता काळ्याचं एक प्यादं कमी आहे, पण पांढऱ्याचा उंटही परत पळणार आणि घोडाही. उंट ई२ ला गेला तर एच६ खेळून घोडा हाकलायचा, तो एफ३ ला गेला की ई४ खेळून परत हाकलायचा. एका प्याद्याच्या बदल्यात काळ्याचे मोहरे बाहेर येतात आणि पांढऱ्याचे मागे जातात. माझं मत विचाराल तर आता पहिला रस्ता द्या, वर्षभराने दुसरा.

आणि ते काका म्हणाले ना, सगळ्यांना माहीत असतो. तर इटलीच्या पोलेरियो नावाच्या खेळाडूच्या नावावर हा हल्ला १६१० च्या सुमाराच्या एका डावात नोंदलेला आहे, इटालियनमध्ये याला फेगातेल्लो म्हणतात, कलेजीचा एक पदार्थ, त्यावरून इंग्रजीत फ्राइड लिव्हर झालं. चारशे वर्षांपूर्वीही काळ्याने तेच केलं होतं जे तुमच्या मुलीने केलं, डी५ वर परत मारलं. त्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही. त्या मुलाला माहीत होतं, हिला नव्हतं, आता हिलाही आहे.

एक काम करा. पुढच्या रविवारी आठव्या खेळीनंतरची पोझिशन लावा आणि तिला पांढऱ्याने खेळायला सांगा, काळ्याने सर खेळतील नाहीतर मोबाइलवर कॉम्प्युटर. पाच डाव. ज्या हल्ल्याने आपण मेलो तो स्वतःच्या हाताने करून बघितला की त्याची भीती जाते आणि तो कुठे तोकडा पडतो हेही कळतं. निकाल काय लागला ते कळवा, मी वाट बघतो.

चोपडा तालुक्यातून एक आजोबा : वय ७४, केळीची शेती. आमच्या ओट्यावर माझे वडील आणि त्यांचे मित्र बुद्धिबळ खेळायचे ते बघून शिकलो. आमच्यात प्यादं सुरुवातीलाही एकच घर जायचं. राजाला शह बसला नसेल तर एकदा घोड्यासारखी उडी मारता यायची, किल्लेकोट (राजा-हत्तीची एकत्र खेळी) वगैरे नाही. प्यादं शेवटच्या घरी पोचलं की ज्याचं घर त्याचा मोहरा व्हायचा, आणि प्यादेमात केली की वर्षभर सांगत फिरायचं. आता नातू पुण्याहून येतो, ऑनलाइन क्लास करतो, आणि म्हणतो, "आबा, तुम्हनं बुद्धिबळ जुनं शे." मग मी खेळतो ते बुद्धिबळ नाही का?

आबा, राम राम. तुमचं पत्र मी घरी मोठ्याने वाचून दाखवलं.

नातवाला एक विचारा, त्याच्या क्लासमध्ये किंग्ज इंडियन, निम्झो इंडियन, क्वीन्स इंडियन ही ओपनिंगची नावं येतात ना, त्यातलं इंडियन कुठून आलं? एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याला जॉन कॉकरेन नावाचा स्कॉटिश बॅरिस्टर होता, स्वतः पट्टीचा खेळाडू, आणि त्याच्यासमोर बसायचे महेशचंद्र बॅनर्जी. महेशचंद्र तुमच्यासारखेच देशी पद्धतीत तयार झालेले. ज्या खेळात प्यादं एकेक घरच सरकतं तिथे मधे धावत जाऊन जागा बळकावता येत नाही, मग माणूस काय करतो, कडेची प्यादी हळूच एक घर सरकवतो, उंट जी७ वर कोपऱ्यात बसवतो आणि समोरच्याला आधी मधे येऊ देतो, मग लांबून त्याच्यावर मारा करतो. कॉकरेनशी युरोपियन नियमाने खेळतानाही महेशचंद्रांनी ही सवय सोडली नाही. त्या डावांवरून या पद्धतीच्या बचावांना इंडियन नाव पडलं. १८५५ च्या एका डावात तर त्यांनी घोडा एफ६, मग जी६, मग डी५ अशी मांडणी केली, जिला आज ग्रुनफेल्ड म्हणतात, आणि ते नाव ज्या ऑस्ट्रियन ग्रँडमास्टरवरून पडलं त्या अर्न्स्ट ग्रुनफेल्डने ती मांडणी मोठ्या स्पर्धेत आणली १९२२ साली. सदुसष्ट वर्षांनी!

अजून एक. पंजाबचे मीर सुलतान खान. तेही देशी नियमांत वाढले, युरोपियन नियम नंतर शिकले, एका जमीनदार नवाबाच्या पदरी होते आणि त्यांच्यासोबत १९२९ ला लंडनला गेले. गेल्या गेल्या त्याच वर्षी ब्रिटिश चॅम्पियन, मग १९३२ आणि १९३३ ला परत. हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत त्यांनी माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवलं. ओपनिंगची पुस्तकं त्यांनी वाचली नव्हती, सुरुवातीला ते मागे पडायचे आणि मग मधल्या आणि शेवटच्या डावात समोरच्याला दमवून जिंकायचे. जागतिक संघटनेने त्यांना मानद ग्रँडमास्टर केलं ते २०२४ मध्ये, ते जाऊन कित्येक वर्षं झाल्यावर.

तर आबा, तुम्ही खेळता ते बुद्धिबळच, जुनं घर आहे ते. नातू दिवाळीला आला की त्याच्याशी दोन डाव तुमच्या नियमाने खेळा आणि दोन त्याच्या. तुमच्या नियमाने खेळताना त्याला पाठ केलेलं काहीच कामाला येणार नाही, दोघं पहिल्या खेळीपासून विचार करायला बसाल, आणि त्यात त्याचा फायदा तुमच्याहून जास्त आहे. आणि तुमच्या ओट्यावरचे नियम त्याच्याकडून लिहून घ्या. गावागावात फरक होते, कुठे काही प्याद्यांना दोन घरांची मुभा, कुठे नाही, आणि हे सांगणारी माणसं कमी होत चाललीत. लिहून झालं की इकडेही पाठवा.

पाचोऱ्याहून एक वडील : मुलाचं रेटिंग १४३०. रेटिंग नसलेल्या पोरांकडून हरला की रेटिंग पडतं म्हणून छोट्या स्पर्धांना पाठवणं बंद केलंय, बरोबर ना?

नाही भाऊ. रेटिंग नसलेल्या खेळाडूशी खेळलेला डाव तुमच्या मुलाच्या रेटिंगला धरतच नाहीत, ना वर ना खाली. पडलं असेल ते रेटिंगवाल्यांशी हरून. अठरा वर्षांखालच्या पोरांसाठी तो आकडा मुद्दामच जास्त हलता ठेवलाय, के फॅक्टर ४० असतो, म्हणजे बरोबरीच्या रेटिंगवाल्याशी हरला तर २० गेले आणि जिंकला तर २० आले. मार्च २०२४ पासून जागतिक संघटनेच्या यादीत राहायची खालची मर्यादा १००० वरून १४०० झालीये, त्यामुळे १४३० म्हणजे काठावर आहे हे खरं, दोन डाव हरला तर यादीतून बाहेरही जाईल. जाऊ द्या. पोरगा खेळत राहिला तर परत येईल, घरी बसला तर आकडा तेवढाच राहील आणि खेळ मात्र खाली जाईल.

शहाद्याहून एक क्रीडा शिक्षक : आमच्या विद्यार्थ्याने किल्लेकोट करताना आधी हत्तीला हात लावला, मग राजाला. समोरच्याने हरकत घेतली आणि पंचांनी हत्तीच हलवायला लावला, त्या एका खेळीने डाव गेला. हा अन्याय नाही का?

सर, वाईट वाटलं पण पंचांचं बरोबर होतं. किल्लेकोट ही राजाची खेळी आहे, आधी राजा दोन घरं, मग हत्ती, आणि सगळं एकाच हाताने. आधी हत्तीला हात लागला तर त्या बाजूचा किल्लेकोट त्या खेळीला करता येत नाही आणि हत्तीच हलवावा लागतो. घरी खेळताना आपण दोन्ही हातांनी एकदम उचलतो तीच सवय टेबलावर जाते. शाळेत सरावालाच सांगा की किल्लेकोट म्हटलं की हात राजावर. आणि मोहरा नुसता घरात सरळ करायचा असेल तर हात लावायच्या आधी ॲडजस्ट म्हणायचं, नंतर नाही.

अमळनेरहून एक मुलगी, नववी : मोठे खेळाडू सगळे पुण्या-मुंबईचेच असतात, आपल्या भागात राहून काही होतं का?

बेटा, विदित गुजराथी नाशिकचा. २०१३ मध्ये ग्रँडमास्टर झाला, २०२३ ची ग्रँड स्विस स्पर्धा जिंकून कँडिडेट्सला, म्हणजे जगज्जेत्याला आव्हान कोण देणार ते ठरवणाऱ्या स्पर्धेला, खेळला. दिव्या देशमुख नागपूरची, जुलै २०२५ मध्ये जॉर्जियात बातुमीला महिलांचा विश्वचषक जिंकली, फायनलला समोर कोनेरू हंपी, टायब्रेकमध्ये, म्हणजे बरोबरी फोडायच्या जलद डावांत, जिंकली, आणि तिच्याकडे तोपर्यंत ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म (किताबासाठी स्पर्धेत करावी लागणारी ठरावीक कामगिरी) नव्हता, तो विश्वचषक जिंकूनच ती थेट ग्रँडमास्टर झाली, वय १९. नाशिक-नागपूर गाडी तुझ्या शेजारून, जळगाव-भुसावळवरूनच जाते. जळगावला जैन हिल्सवर देशपातळीच्या स्पर्धा होतात, तिथे खेळायला नाही मिळालं तरी एक दिवस बघायला जा, टेबलांच्या मधून फिरताना तुझ्या वयाची पोरं किती वेळ मान न हलवता बसतात ते बघ.

धुळ्याहून एक कॉलेजचा विद्यार्थी : गुकेश ज्या डावात वर्ल्ड चॅम्पियन झाला त्यातलं ओपनिंग मला शिकायचंय, कोणतं होतं आणि कुठून सुरुवात करू?

भाऊ, तो डाव सिंगापूरचा, १२ डिसेंबर २०२४, चौदावा आणि शेवटचा, स्कोअर साडेसहा-साडेसहा. पांढरे मोहरे तेव्हाचा जगज्जेता डिंग लिरेन याच्याकडे होते, म्हणजे ओपनिंग त्याने निवडलं. घोडा एफ३, मग जी३, उंट जी२ आणि मग डी४, याला रिव्हर्स्ड ग्रुनफेल्ड म्हणतात. वरच्या चोपड्याच्या आबांच्या उत्तरात महेशचंद्रांची जी मांडणी सांगितली तीच, फक्त पांढऱ्याच्या बाजूने. बघ कुठून कुठे येतं हे.

पण त्या ओपनिंगने डावाचा निकाल लावला नाही. दोघं खेळत खेळत अशा ठिकाणी आले की दोघांकडे एकेक हत्ती, एकेक उंट आणि गुकेशकडे एक प्यादं जास्त, दोन विरुद्ध एक. बरोबरीत सुटायचा डाव, कॉमेंट्रीवाले तर टायब्रेकचं बोलायला लागले होते. गुकेश मात्र उठायला तयार नव्हता. ५५ व्या खेळीला डिंगने हत्ती एफ२ वर नेला. हत्तीला हत्ती भिडला, गुकेशने मारला, डिंगच्या राजाने परत मारला, आणि गुकेशने उंट डी५ वर आणून समोर ठेवला. डिंगचा उंट कोपऱ्यात अडकलेला, त्याला पळायला जागा नाही, मारामारी होणारच. दोन्ही उंट गेले आणि उरले फक्त राजे आणि प्यादी, तिथे गुकेशचं जास्तीचं प्यादं जिंकून देणारं. ५८ व्या खेळीला डिंगने डाव सोडला. साडेसात-साडेसहा, आणि अठरा वर्षांचा जगज्जेता. हत्ती एफ२ वर गेला तेव्हा त्याने मोहऱ्यांच्या अदलाबदलीचं दार उघडून दिलं होतं, भुसावळच्या डावात ई५ चं प्यादं निघालं तसंच, फक्त तिथे जगज्जेतेपद पणाला लागलेलं होतं.

म्हणून तू सुरुवात त्या ५८ व्या खेळीपासून कर आणि मागे मागे ये. रिव्हर्स्ड ग्रुनफेल्ड नंतर. पटावरचं सगळं काढून टाक. पांढरा राजा ई६, पांढरं प्यादं ई५, काळा राजा ई८, बस्स तीनच. इथे पाळी कोणाचीही असो, पांढरा जिंकतो. आता तिन्ही मोहरे एक घर खाली घे, पांढरा राजा ई५, प्यादं ई४, काळा राजा ई७. दिसायला तेच, पण आता पांढऱ्याची पाळी असेल तर बरोबरी आणि काळ्याची पाळी असेल तर पांढरा जिंकतो. का, ते मी सांगत नाही. रूमवर कोणी तरी असेलच, त्याला समोर बसव आणि दोन्ही रंगांनी वीस-वीस वेळा खेळून बघ, कळलं की मला लिही.